रिकामी बंदूक : जुन्नर-आंबेगावातला परवाना, काडतूस आणि बार काढण्याचा इतिहास

जुन्नरच्या इतिहासावर व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. नाणेघाट, सातवाहन, लेणी, शिवनेरी. आज यातलं काही नाही. आज आपण बोलणार आहोत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या काही जुन्या घरांत अजून सापडणाऱ्या एका वस्तूबद्दल : परवान्याची बंदूक. आणि तिच्यातून गोळी कशी सुटते याबद्दल नाही, तर ती रिकामी कशी होते याबद्दल.

विषय थोडा विचित्र वाटेल. पण बंदुकीच्या इतिहासाची आपली पुस्तकं पाहा. कोणी कोणावर झाडली, कुठल्या लढाईत झाडली, एवढंच त्यांत असतं. बंदुकीचं बरंचसं आयुष्य मात्र न झाडताच जातं. खुंटीला, कोपऱ्यात, कपाटात, शेतातल्या माळ्यावर. अपघात होतात तेही बहुधा तिथेच. पुसताना, उतरवून ठेवताना, पोरांनी हात लावल्यावर, ‘रिकामीच आहे’ म्हणून कोणी चाप ओढल्यावर. तेव्हा या दोन तालुक्यांत लोकांच्या हातात कुठली बंदूक आली, ती कोणी ठरवली आणि ती रिकामी करणं किती सोपं किंवा अवघड होतं, हा प्रश्न आम्हाला इतिहासाचाच वाटतो. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारने बंदूक नेहमी स्वतःला किती धोका आहे या मापाने मोजली. ती बाळगणाऱ्या घराला किती धोका आहे हे माप फार उशिरा आलं.

सुरुवात करू ठासणीच्या बंदुकीपासून. तिच्याआधी तोड्याची बंदूक होती. पेटती वात, म्हणजे तोडा, कानाजवळच्या रंजकीला लावायचा आणि बार उडायचा. मग एकोणिसाव्या शतकात टोपी आली. तांब्याची इवलीशी टोपी, आत धक्क्याने पेटणारं द्रव्य. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत. (चापाला आणि घोड्याला आपल्याकडे सर्रास एकच नाव देतात. इथे चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो, आणि घोडा म्हणजे वरून आपटतो तो.) पण तोडा असो की टोपी, बार भरायची रीत एकच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, मग छरे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. म्हणून ठासणीची.

आता हा भरलेला बार काढायचा कसा? भरला तसा उलटा काढता येत नाही. ठासलेला बोळा नळी उपडी करून पडत नाही. गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा बसवून तो बोळ्यात फिरवत रुतवायचा आणि ओढून काढायचा, ही पद्धत होती. पण ती करताना माणसाचे हात, आणि बऱ्याचदा तोंडही, भरलेल्या नळीच्या समोर. त्यामुळे बार काढायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तो उडवून टाकणं. आणि तो उडवायचा नसेल तर? तर तसाच ठेवणं. भरलेली बंदूक खुंटीला लावून झोपायची सवय लागली ती यातून. तिच्यात आळस किंवा बेफिकिरीपेक्षा यंत्राच्या घडणीचा वाटा मोठा होता.

भरून ठेवलेला बार सादळून निकामी होतो असा एक समज आहे. तो घातक आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. पावसाळ्यात ती ओल धरते, खरं आहे. पण वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. आजोबांनी भरलेला बार नातवाच्या हातात उडू शकतो, यात अतिशयोक्ती नाही.

दुसरा घोटाळा विसरण्याचा. बार आधी भरलाय हे लक्षात न राहून त्यावर दुसरा भरला की नळी फुटायची वेळ येते. हे अडाण्यांनाच होतं असं मानू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या. त्यातल्या २४ हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते; काहींत तर त्याहून जास्त. हे कवायत शिकलेले शिपाई होते. यावरचा जुना उपाय साधा आणि आजही लागू आहे. रिकाम्या नळीत गज पूर्ण आत सोडायचा आणि तोंडाशी त्याच्यावर खूण करायची. नंतर कधीही गज आत सोडला आणि खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे. हे तपासायच्या आधी टोपी काढायची आणि गज सोडताना स्वतः नळीच्या रेषेत उभं राहायचं नाही.

आता या भागाकडे येऊ. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांचं आणि इंग्रज सरकारचं शस्त्रांवरून नातं मोठं चमत्कारिक आहे. १८१८ ला पेशवाई गेली, आणि पुढची तीस वर्षं या डोंगरांत एकामागून एक उठाव झाले. शेजारच्या अकोल्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेले. आणि मग १८५७ च्या अखेरीला याच सरकारने याच कोळ्यांची पलटण उभी केली! कॅप्टन नटाल तिचा प्रमुख. भिल्लांचे उठाव मोडायला ती वापरली आणि गरज संपल्यावर १८६१ मध्ये मोडली. म्हणजे ज्यांच्या हातात बंदूक नको म्हणून धडपड, त्यांनाच बंदूक देऊन शिकवलं आणि मग घरी पाठवलं.

त्यानंतर १८७३ ते १८७६. आंबेगावच्या पश्चिमेला जांभोरीचे होन्या भागोजी केंगले. सावकारांच्या वह्यांवर आणि नाकांवर त्यांचा रोख होता. सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं, आणि १८७६ मध्ये पोलीस अधिकारी मेजर डॅनियल याने त्यांना पकडलं. मधेच, मे १८७५ मध्ये, सुप्याला दख्खनचे दंगे सुरू झाले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव. या दोहोंच्या मधोमध, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा झाला. तो केवळ पुणे जिल्ह्यामुळे झाला असं कोणी म्हणू नये. १८५७ नंतर लगेच तात्पुरते कायदे झालेच होते, आणि कारणं देशभरची होती. पण या डोंगरांतल्या माणसाला तो कायदा कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागलं नसणार.

कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. गोऱ्यांना सूट, एतद्देशीयांना परवाना. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या भेदाविरुद्ध ठराव होत राहिले. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, हे आज अनेकांना ठाऊक नसतं.

पण शेतकऱ्याचं काय? रानडुकरं पीक खातात, बिबट्या शेळी नेतो, हे इंग्रजालाही दिसत होतं. म्हणून पीक आणि गुरं राखण्यासाठी वेगळे परवाने होते. आणि इथे खरी गंमत आहे, गंमत म्हणायची तर. तोपर्यंत युरोपात मागून भरायच्या बंदुका आल्या होत्या. १८३५ च्या सुमारास पॅरिसच्या लेफोशे या बंदूककाराने मागे मोडणारी, काडतुसाची बंदूक बनवली. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये अॅन्सन आणि डीली यांनी घोडा आत लपवलेली रचना काढली. दुनळी मोडायची, काडतुसं घालायची, मिटायची. आणि मुख्य म्हणजे मोडून काडतुसं बाहेर काढायची. दोन सेकंदांत बंदूक रिकामी! बाळगणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीने ही केवढी मोठी सुधारणा.

सरकारच्या दृष्टीने मात्र हीच बंदूक जास्त धोक्याची, कारण ती पटकन भरता येते. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो, म्हणजे बंडाला निरुपयोगी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायला बरी. हा हिशेब परक्या सरकारचा होता म्हणून सोडून द्यावा, तर स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम उघडून बघा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये परवाना कोणाला द्यावाच, हे सांगितलंय. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाने भरायची, म्हणजे ठासणीची बंदूक. बागायतदार बारा बोअर घेऊ शकत होता. डोंगरातल्या नाचणी-वरईच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कायद्याने आली ती, जी रिकामी करणं सर्वांत अवघड. त्या कलमाचा हेतू चांगलाच होता, परवाना सहज मिळावा हा. पण मोजमाप जुनंच राहिलं.

आता बारा बोअरकडे वळू. ‘बारा’ हे कशाचं माप? नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या की त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून वीस बोअरची नळी बाराहून बारीक. हे फक्त माहितीसाठी नाही. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत घातलं तर ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी दिसू शकते. मग बारा बोअरचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. जगभर वीस बोअरच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याची रूढी पडली ती यासाठी. घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर दोन मापांची काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पिस्तुलासारखाच. १८५७ च्या चरबीच्या गोष्टीतलं काडतूस म्हणजे कागदाचा पुडा, दारू आणि गोळी एकत्र बांधलेला. ते दाताने तोडून तोंडातूनच भरायचं होतं. आजचं काडतूस वेगळं. टोपी, दारू, बोळा आणि छरे सगळं एका नळकांड्यात. आणि ते बनतं कुठे? पुण्याच्या वेशीवर. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं तिथलीच. जुन्नरच्या शेतकऱ्याच्या पट्ट्यातलं काडतूस बहुधा त्याच्याच जिल्ह्यात भरलेलं असतं.

काडतुसावर छापलेलं वाचायची सवय मात्र आपल्याला नाही. एलजी, एसजी म्हणजे मोजके, मोठे गोळे. चार, सहा नंबर म्हणजे बारीक छरे. बारीक छरा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो, एसजीचा गोळा त्याच्या दुपटीहूनही पुढे जाऊ शकतो. उसाच्या पलीकडे कोणाची वस्ती आहे हे रात्री दिसत नाही. दुसरा आकडा लांबीचा, ६५ किंवा ७० मिलिमीटर. ही लांबी झाडल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ७० चं न झाडलेलं काडतूस जुन्या ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि झाडल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही. दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चाललं’ हे इथे खरं नाही. आजोबांची विलायती दुनळी असेल, नळीवर नक्षीसारखे वळसे दिसत असतील, तर ती काळ्या दारूच्या काळातली असू शकते. जाणत्या, परवानाधारक बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नये.

मग दुनळी रिकामी करायची कशी? नळीचं तोंड आधी अशा दिशेला, जिथे चुकून बार उडाला तरी कोणी मरणार नाही. घरात अशी दिशा बहुधा नसते. पत्र्याची भिंत, कुडाची भिंत, वरचा माळा, यांपैकी काहीच छरे अडवत नाही. म्हणून रिकामं करणं अंगणाबाहेर, मऊ मातीच्या ढिगाकडे तोंड करून. बोट चापाच्या कडीबाहेर. मग खटका दाबून बंदूक मोडायची आणि दोन्ही काडतुसं हाताने काढायची. नंतर मागच्या बाजूने नळीतून उजेड बघायचा. दोन्ही नळ्यांतून. एक काडतूस निघालं म्हणजे काम झालं असं दुनळीत नसतं.

बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक असेल, आणि घोडे चढलेले असतील, तर क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी घोडा अंगठ्याने धरून हळूच उतरवतात आणि मग बंदूक मोडतात. घामट किंवा गारठलेल्या अंगठ्याखालून घोडा निसटला तर खाली जिवंत काडतूस आहे. आधी मोडा, काडतुसं काढा, मग घोडे उतरवा. आत घोडे असलेल्या बंदुकीत आणखी एक फसगत आहे. ती बहुतेक वेळा मोडतानाच चढते, आणि वरचा खटका साधारणपणे फक्त चाप अडवतो, आतला घोडा नाही. जोरात पडली तर खटका लावलेला असूनही उडू शकते. खटक्यावर विसंबू नका. बांध ओलांडताना, माळ्यावर चढताना, जीपमध्ये बसताना मोडलेली आणि रिकामी, एवढंच भरवशाचं.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर लगेच मोडायची घाई नको. नळी त्याच दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं; ठासणीच्या बंदुकीत त्याहून जास्त. टोपी पेटून दारू उशिराने धरते असं होतं. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचं काडतूस घालायच्या आधी नळीतून आरपार बघायचं, बोळा आत अडकला असेल.

पश्चिमेकडच्या पावसाचा यात मोठा भाग आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पट्ट्यात जुनी कागदी काडतुसं फुगायची. प्लॅस्टिकचं नळकांडं जगात १९६० मध्ये आलं, आपल्याकडे कागदी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. फुगलेलं काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसतं आणि निघत नाही. मग कोणी सुरी घालतं, कोणी गजाने समोरून ठोकतं. मागे टोपी आहे हे विसरून. अशी बंदूक मोडलेल्या स्थितीतच, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, कारागिराकडे जायला हवी.

आता बिबट्या. त्याच्याशिवाय जुन्नरचं व्याख्यान संपत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि उसात बिबट्या राहू लागला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत माणसांवरचे हल्ले वाढले, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झालं. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाला भरलेली बंदूक उशाशी हवीशी वाटते, यात हसण्यासारखं काही नाही. पण कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. धोकादायक ठरलेल्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देतात. जीव वाचवताना मारला गेला तर बचाव आहे, पण तो बचावच, परवाना नव्हे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झालं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वेगळी नोंदणी करावी लागते आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. म्हणजे उशाशी ठेवलेली ती बंदूक वर्षानुवर्षं भरलेलीच राहणार, आणि रात्री अंधारात तिला हात लागला तर तो घरच्याच माणसाचा असण्याची शक्यता जास्त.

बाळगणाऱ्याच्या सुरक्षेचं माप कायद्यात ठळकपणे आलं ते २०१६ च्या शस्त्र नियमांत. शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद त्यांत आहे. १८७८ पासून मोजलं तर १३८ वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत हवेत बार उडवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रशिक्षण आलं ते नव्या परवान्यासाठी. जुन्या ठासणीच्या बंदुका ज्यांच्याकडे आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांना ती चालवायला शिकवलं फक्त वडलांनी.

शेवटचं एक व्यवहाराचं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस परवानाधारकांना येऊ शकते. त्या दिवशी बंदूक घरून निघतानाच रिकामी करून, मोडून, पिशवीत घाला. काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात आणि परवान्यावरच्या नोंदीशी जुळवून. ठाण्याच्या दारात, रांगेत, टेबलावर ती रिकामी करण्याची वेळ येऊ देऊ नका. ठासणीची असेल आणि गजाची खूण बाहेर राहत असेल, तर ती उचलून नेऊच नका. टोपी काढून ठेवा आणि ठाण्याला तसं आधी कळवा. परवानाधारक वारले असतील तर वारसांनी बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. ट्रंकेत सापडलेली जुनी, हिरवट पडलेली काडतुसंही त्यांच्याबरोबरच. ती चुलीत टाकायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, आणि छरे वेगळे करायला फोडायची तर मुळीच नाहीत. वेळ झालेली आहे, आता प्रश्न घेऊ.